आधी स्वतः आडवं व्हायचं

१२ जानेवारी

आत्या, नमस्कार.

तब्येतीची चौकशी पत्राच्या शेवटी करीन. आधी भांडायचं आहे. नोव्हेंबरपासून तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हीत एकच साधा प्रश्न विचारला, की तुझ्याकडे एकूण पलंग किती? पहिल्याला तुझं उत्तर आलं, "पुरतात." दुसऱ्याला, "कधी कमी, कधी जास्त." तिसऱ्यात तू सरळ माझ्या लग्नाचा विषय काढलास. मी काय लिहू अर्जात? "पलंगांची संख्या: पुरतात"?

फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी तू माझी बदली करून मोकळी झाली होतीस. म्हणून पत्र.

मी इथे दान या विषयाचा अभ्यास करते, याचं तुला हसू येतं हे ठाऊक आहे. "हात पुढे करायला दोन वर्षं शिकायला लागतं का गं?" हे तू घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं आहेस. पण आत्या, देणं सोपं असतं तर आमच्या सरांनी आम्हाला तो हॉल दाखवला नसता. भिंतीपासून भिंतीपर्यंत चाकांच्या खुर्च्या, सगळ्या दान आलेल्या, सगळ्या अजून प्लास्टिकमध्ये. देणाऱ्यांचे फोटो निघाले, खुर्च्या तिथेच राहिल्या. दिल्यावर पुढे काय झालं हे कुणी विचारलंच नाही. तेच विचारायला आम्ही शिकतो.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एक छोटं सेवाकार्य निवडून ते सुधारून दाखवायचं आहे. मी तुला निवडलं. इथल्या एका प्रतिष्ठानाला तुझी गोष्ट सांगितली. आजाऱ्यांना लागणारे वर-खाली होणारे लोखंडी पलंग एक टायपिस्टबाई वीस वर्षं लोकांना फुकट पुरवते आणि गाव तिला पलंगआत्या म्हणतं, हे ऐकून ते खूश झाले. सोबत अर्ज आहे. एकवीसच प्रश्न आहेत. एकवीसच उत्तरं दे. लग्नाबद्दल एकही प्रश्न नाही.

तब्येत कशी आहे?

तुझी
ठकू

◆

२४ जानेवारी

चि. ठकू, आशीर्वाद. (हे सवयीने टाइप झालं. आज मनात आशीर्वाद नाहीत.)

तुझा अर्ज वाचला. प्रश्न चौथा, "साठवणुकीची जागा किती चौरस फूट?" अगं, माझ्या घरात एकही पलंग नाही. सगळे लोकांच्या घरी आहेत. पलंग माझ्या घरी येऊन बसला तर त्याचा उपयोग काय? मी धडधाकट आहे.

सातवा, "वस्तूंचे ओळख क्रमांक?" क्रमांक नाहीत, नावं आहेत. करकऱ्या आहे, तो मान वर करताना ओरडतो. लंगडा आहे, त्याच्या एका चाकाखाली लाकडाचा ठोकळा लागतो. दादासाहेब आहे, त्याला उचलायला चार माणसं लागतात. बाकीच्यांचीही आहेत. कुठला कुणाच्या घरी आहे ते माझ्या डोक्यात आहे आणि डोकं अजून जाग्यावर आहे.

अकरावा, "वितरणाची पद्धत थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहिते. कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं की घरचं कुणीतरी माझ्याकडे येतं. त्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी घरातलं माणूस उठून चालायला लागलेलं असतं, नाहीतर गेलेलं असतं. मी त्या घराचा पत्ता देते. ज्याला पलंग हवा त्याने स्वतः तिथे जायचं. गेल्यावर आधी स्वतः त्या पलंगावर आडवं व्हायचं. त्या घरातल्यांनी त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून दाखवायचं, त्याच्या अंगाखालची चादर बदलून दाखवायची. मगच स्क्रू काढायचे आणि पलंग न्यायचा. कुणी घाईत असला, साहेब असला, लाजत असला, तरी सुटका नाही. गेल्या वर्षी एक वकील बूट न काढता आडवा झाला म्हणून त्याला परत पाठवला होता.

का, ते विचारू नकोस. आडवी हो म्हणजे कळेल.

हा नियम तुझ्या आतोबांच्या पलंगापासूनचा आहे. ते गेले, पलंग मला डोळ्यांसमोर नको झाला, म्हणून समोरच्या शिंप्याच्या आईसाठी दिला. शिंपीण आली होती न्यायला. त्या दिवशी जे झालं ते पत्रात लिहायचं नाही.

बाकी अठरा प्रश्न तूच भर. दोन वर्षं शिकते आहेस, तेवढं यायला हवं. तब्येत ठणठणीत. लग्नाचं काय?

तुझी
आत्या

◆

९ फेब्रुवारी

आत्या,

आनंदाची बातमी आहे, पण तू ती डोळे वटारून वाचणार, म्हणून आधी पाणी पी.

प्रतिष्ठानाने मान्यता दिली! बारा नवीन पलंग, बटणावर चालणारे. एक गोदाम. एक गाडी, सोबत निळ्या गणवेशातली दोन माणसं. आणि एक फोन नंबर, जो इस्पितळांत लावला जाईल. नंबर फिरवला की पलंग दारात.

मी तुझ्या पद्धतीचा अभ्यास केला. गेल्या वर्षी तुझ्याकडून पलंग घेतलेल्या अकरा घरांना फोन केले. मागितल्यापासून पलंग मिळेपर्यंत सरासरी सहा दिवस गेले. सहा दिवस, आत्या! आजारी माणूस जमिनीवर गादी टाकून सहा दिवस वाट बघतं, कारण देणारं घर अजून दुःखात असतं, किंवा घेणाऱ्याला टेम्पो मिळत नाही, किंवा वकिलाने बूट काढलेले नसतात. तूच सांग, हे बरोबर आहे का?

तुझ्या आडवं होण्याच्या नियमावर मी वर्गात बोलले. सगळे खूप हसले. सर म्हणाले, अशा जुन्या कामांत काही भाग रूढीचा असतो आणि तो हळुवारपणे बाजूला काढायचा असतो. मी हळुवारपणे काढते आहे.

हे जमलं तर हीच पद्धत आणखी चाळीस गावांत नेणार आहेत, आणि मला तिथेच नोकरी मिळेल. नाही म्हणालीस तर मी काही बोलणार नाही. पण मी गेली दोन वर्षं ज्यासाठी डोकं फोडून घेते आहे, ते सगळं तुझ्या एका "हो"वर अडलंय. बाबा असते तर त्यांनी तुला समजावलं असतं.

ठकू

◆

२० फेब्रुवारी

चि. ठकू,

बाबांना मध्ये आणायची गरज नव्हती. तो असता तर त्याने मला समजावलं नसतं, तुझ्या पाठीत धपाटा घातला असता.

सहा दिवस लागतात, हे खरं आहे. ते वाचून मला वाईट वाटलं, हेही खरं आहे. बाकी तुझं सगळं नव्याचे नऊ दिवस आहे असं मला वाटतं, पण मी एक म्हातारी टायपिस्ट. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं, तसं हेही उतरवते: हो.

हो म्हणाले ते तुझ्यासाठी. तुझ्या सरांसाठी नाही, त्यांना तसं कळव.

एवढं मात्र कर. त्या निळ्या गणवेशवाल्यांना आडवं व्हायला लाव.

आत्या

◆

१५ एप्रिल

आत्या,

दोन महिन्यांत तुझं एका ओळीचंही पत्र नाही! इथे मात्र सगळे तुझं नाव काढतात. पंधरा घरांत पलंग पोहोचले. सहा दिवसांवरून आपण सरासरी तीन तासांवर आलो, आत्या. तीन तास! सरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला तुझी खूप आठवण आली.

गणवेशवाल्यांच्या आडवं होण्याचं मी विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, पलंग नवीन आहेत, चादरी खराब होतील. ते राहूनच गेलं.

प्रतिष्ठानाच्या अंकासाठी तुझा एक फोटो हवा आहे, नव्या पलंगाशेजारी उभी असलेला. ती निळी साडी नेस. आणि हसत उभी राहा. निदान दात दाखव.

ठकू

◆

२७ एप्रिल

चि. ठकू,

फोटो मिळणार नाही.

करकऱ्या भंगारात गेला. ज्या घरात तो होता तिथल्या आजोबांना बरं वाटलं, आणि त्या लोकांनी मला विचारायच्या ऐवजी तुझा नंबर फिरवला. गाडी आली, घेऊन गेली. गोदामातल्या माणसाने बघितलं की हा ओरडतो, आणि टाकून दिला. एकोणीस घरं फिरलेला पलंग. ओरडतो म्हणून तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला कळायचं, की आजारी माणूस हललं. लंगडाही गेलाच असेल. माझ्याकडे आता कुणी येत नाही. परवा दारावर टकटक झाली म्हणून धावत गेले, तर वीजबिलवाला.

लोकांना वेळेवर मिळतंय, चांगलं आहे. पण ठकू, तुझा पलंग दारात येतो आणि माणसं निघून जातात. पूर्वी पलंगाबरोबर एक अख्खं घर यायचं. शिंपीण तर पलंग दिल्यावरही आठ-आठ दिवस त्या घरी फेरी मारायची, सांगूनही ऐकायची नाही. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "आता काय, कंपनी बघते सगळं. आपण मध्ये कशाला पडायचं?"

तुझ्या पंधरा घरांत कोण फेरी मारतं, तेवढं मला कळव.

आत्या

◆

१० मे

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चिडले, म्हणून आता स्पष्टच लिहिते.

एका भंगार पलंगासाठी तू अर्धं पान लिहिलंस. पंधरा माणसांसाठी लिहिलंस, "चांगलं आहे". दोन शब्द! मी गेल्या महिन्यात एकाही रविवारी घरी नव्हते. गोदामाच्या कुलपापासून गाडीच्या पंक्चरपर्यंत सगळं माझ्या डोक्याला ताप. का, तर माझ्या आत्याचं काम मोठं व्हावं म्हणून. आणि तुला फोटोला उभं राहवत नाही.

आम्हाला शिकवतात की देणाऱ्यालाही देण्यातून काहीतरी मिळत असतं, आणि त्याने ते ओळखावं. मान, गर्दी, दारावरची टकटक. तू स्वतःलाच विचार, तुला दुःख नक्की कशाचं होतंय? लोकांची सोय झाली नाही याचं, की तुला न विचारता झाली याचं?

फेरी मारायला माणसं ठेवता येणार नाहीत, पण मी एक छापील पत्रक काढते आहे. चित्रांसकट.

ठकू

◆

८ जून

आत्या,

महिना झाला. रुसलीस, कळलं. बोलायचं नसेल तर नको बोलू, पण निदान एक कोरं पोस्टकार्ड तरी टाक.

मी रागाच्या भरात जास्त लिहिलं. पण चूक लिहिलं असं मला अजूनही वाटत नाही, आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला? अहवाल पूर्ण झाला आहे, या आठवड्यात द्यायचा आहे. त्यातलं एक पान तुझ्यासाठी उतरवते. नावं-पत्ते आम्ही काढून टाकतो, कुणाचं खासगी दुःख चव्हाट्यावर यायला नको म्हणून. पण तुझ्याच गावातलं आहे. सरांनी हेच पान सगळ्यात पुढे घ्यायला सांगितलं.

"लाभार्थी क्रमांक बावीस. स्त्री, वय एकाहत्तर. एकटी राहते. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी सोडताना इस्पितळानेच आपल्या क्रमांकावर फोन केला. पलंग एक तास चाळीस मिनिटांत पोहोचला. समाधान, पाचपैकी पाच. लाभार्थीचं म्हणणं: पोरं वेळेवर आली."

बघ, आत्या. तुझ्या पद्धतीने ही बाई सहा दिवस जमिनीवर पडून राहिली असती. तुझ्याच वयाची आहे. एकटी आहे. तिला जाऊन भेट आणि मग मला सांग, की माझं काय चुकलं.

ठकू

◆

१६ जून

चि. ठकू,

लाभार्थी क्रमांक बावीसचा आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण कुशीवर पडून लिहिते आहे. टाइपरायटर पलंगावर घेता येत नाही, आणि पेन आडवं धरलं की चालत नाही, म्हणून पेन्सिल. आता रडत बसू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

बारा मेला न्हाणीघरात पडले. ऑपरेशन झालं. तुझं दहा तारखेचं पत्र वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी इस्पितळात आणून दिलं. तिथेच वाचलं. उत्तर देणार होते, पण दुखत होतं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर "हो, थोडं तेही आहे" असं द्यावं लागलं असतं. तेवढा मोठेपणा त्या दिवशी अंगात नव्हता.

इस्पितळातल्या खिडकीवरच्या मुलीने मला न विचारताच तुझा नंबर फिरवला. मी घरी पोहोचले आणि मागोमाग गाडी. तुझी पोरं चांगली आहेत. पलंग जोडला, मला उचलून ठेवलं, बटण हातात दिलं. मग एकाने विचारलं, "आजी, समाधान किती? पाचपैकी?" म्हटलं पाच लिही, माझ्या भाचीची माणसं आहात. त्याने माझं बोट धरून पडद्यावर सही उमटवली आणि ते गेले. पंधरा मिनिटंही झाली नसतील.

आता पुढचं ऐक. मास्तर दोन वेळा जेवणाचा डबा ठेवून जायचे. बिचारे पुरुष माणूस, लांबूनच "काही हवंय का?" विचारायचे, मी "नको" म्हणायचे. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर होते. पण माणूस हळूहळू खाली घसरतं, आणि घसरताना पाठ चादरीवर घासते. दोन-दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून. मला हे सगळं पाठ आहे. वीस वर्षं लोकांना शिकवलं. पण स्वतःला स्वतः वळवता येत नाही गं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कुणाला हाक मारून सांगायचं, तर मागायची सवय नाही. ती चूक तुझी नाही, माझी आहे.

गल्लीतल्या कुणाला काही वाटलंच नाही. दारात गाडी बघितली, गणवेश बघितले, सगळे म्हणाले आत्याची सोय झाली. पूर्वी मी पलंग घेऊन आले असते तर पलंग देणारं घर बरोबर आलं असतं. या वेळी पलंग गोदामातून आला, आणि गोदामाला कोण विचारतं, बाई वळली का?

बारा दिवस पाठीवर होते. तेराव्या दिवशी शिंपीण माझ्या परकराची शिलाई द्यायला आली. तिला खोलीत वास आला. तिने मला उलटं केलं आणि मग ती ओरडली ते चौकापर्यंत ऐकू गेलं. पाठीला तळहाताएवढी जखम झाली आहे. आता शिंपीण, वकिलाची बायको, करकऱ्यावाल्या आजोबांची सून अशा पाळ्या लावल्यात. वकील स्वतः बूट काढून येतो. जखम भरते आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळेवर सापडली. मी मरत नाही.

जानेवारीत तुला लिहिलं होतं, का ते विचारू नकोस. तिथेच माझं चुकलं. तू नियम मोडलास, पण नियम कशासाठी आहे ते मीच तुला सांगितलं नव्हतं. ते आता सांगते. तुझ्या आतोबांना पहिल्या महिन्यात अशीच जखम झाली. मला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानदाराने पलंग दारात ठेवला आणि गेला. त्या जखमेतच ते गेले. म्हणून शिंपीण पलंग न्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, आधी आडवी हो. ती झाली, मी तिला वळवलं, आणि दोघी तिथेच रडत बसलो.

अहवाल द्यायचा की नाही ते तुझं तू ठरव. पाचपैकी पाच मात्र खोडून टाक. ते मी तुझ्याकडे बघून दिले होते.

आत्या

◆

२२ जून

आत्या,

रविवारी सकाळी पोहोचते. शिंपीणकाकूंना सांग, पाळीत माझं नाव घाला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी आहे. तुझं वय, तुझं एकटेपण, तुझं गाव, सगळं मी स्वतःच्या हाताने तुला लिहून पाठवलं, आणि तू कोण ते मला कळलं नाही. आणि वर तुलाच सांगितलं, तिला जाऊन भेट.

पत्र आलं त्याच दिवशी सरांकडे गेले. सर म्हणाले, फार वाईट झालं, पण एका उदाहरणावरून पद्धत चुकीची ठरत नाही. ते बरोबरच बोलत होते, म्हणून जास्त संताप आला. मग मी यादीतल्या बाकीच्या पंचवीस घरांना फोन लावले. तेवीस घरं बोलली. मी इतके महिने सगळ्यांना विचारत होते, पलंग किती वेळात आला? या वेळी विचारलं, पाठ कशी आहे? नऊ जणांच्या पाठीला जखमा आहेत, आत्या. एका बाईने मला विचारलं, "वळवायचं असतं का?" पत्रक त्यांच्या घरी होतं. त्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

अहवाल मी परत घेतला. नवीन लिहिते आहे, म्हणजे पदवी सहा महिने पुढे गेली. चाळीस गावांचं थांबलं. प्रतिष्ठानाचे व्यवस्थापक म्हणाले, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय. गाडी आणि गोदाम ते काढून घेणार आहेत. पलंग परत घेत नाहीत, दिलेलं परत घेतलं तर त्यांची शोभा होईल. म्हणजे बारा पलंग तुझे.

त्या नऊ घरांचे पत्ते आणते आहे. त्यातली चार तुझ्याच गावात आहेत. कुणी जायचं ते तू सांग.

ठकू

◆

५ सप्टेंबर

चि. ठकू, आशीर्वाद. (या वेळी मनापासून.)

टाइपरायटरवर लिहिते आहे, खुर्चीत बसून. तू गेल्यापासून काठीला धरून समोरच्या चौकापर्यंत जाते. शिंपीण मागे-मागे चालते आणि सारखी ओरडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही.

काल माझा पलंग गेला. कुणाकडे, ओळख? तो निळ्या गणवेशातला, ज्याने माझं बोट धरून सही घेतली होती. त्याच्या वडिलांना झटका आला. गाडी बंद झाली तेव्हा त्याचं काम गेलं, आता भाजीचा टेम्पो चालवतो. दारात उभा राहिला, मान खाली. म्हणाला, "आजी, मी सव्वीस घरांत पलंग पोचवले. आज माझ्याच घरी जोडायचा, तर हात चालेना." मी म्हटलं, चप्पल काढ आणि आडवा हो.

पोरगा अंगाने दादासाहेबासारखा आहे. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली, शिंपिणीने एक बाजू धरली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी त्याला वळवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग चादर. अर्धी गुंडाळून पाठीशी, वळवून दुसरीकडून ओढून घ्यायची, तुला शिकवली तशी. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग म्हणाला, "आजी, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी प्रत्येक घरी केलं असतं." मी त्याला पलंगाचे स्क्रू काढायला सांगितलं. आज दुपारी शिंपीण त्याच्याकडे फेरी मारायला गेली आहे.

तुझं आडवं होणं चालू आहे ना? तू लिहिलंस, तुझ्या वर्गात आता सगळ्यांना आळीपाळीने आडवं करतेस आणि सरही झाले. बूट काढायला लावलेस ना?

नवीन अहवालात माझं मत मागितलं आहेस. समाधान पाचपैकी किती, ते लिहायला सांगतेस. तू इथे तीन आठवडे होतीस, माझी सगळी घाण काढलीस, हूं की चूं केलं नाहीस. पण अर्धा गुण मी कापते आहे. पहिल्या दिवशी तू प्रवासातून आलीस, बॅगही खाली ठेवली नाहीस आणि तशीच मला वळवायला धावलीस. मी दचकले. तू समजलीस, जखम दुखली. दिवसभर कोपऱ्यात रडत बसलीस. मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आलीस हेच मला पुष्कळ होतं.

जखम दुखली नव्हती गं. तुझे हात गार होते. माणसाला हात लावायच्या आधी तळवे एकमेकांवर चोळून घ्यायचे. हे अहवालात लिही.

साडेचार.

तुझी
आत्या